गंगेवर जा, पण आठ आठवड्यांनी

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"वय ४६, बँकेत नोकरी. अकरा वर्षं जलरंगात लँडस्केप करते. दर रविवारी ग्रुपबरोबर स्पॉटवर जायचे. दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनात गोदाघाटाची पावसातली माझी चार चित्रं विकली गेली. मग 'अगदी तसंच करून द्या' अशा मागण्या आल्या. सहा-सात करून दिली. पुढे हात जड होत गेला. आता चौदा महिने झाले, एकही चित्र पुरं केलेलं नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागदाचा महागाचा ब्लॉक कपाटावर पडून आहे. मध्ये दोनदा काढला. आकाश लावलं की डाग पडतात, रंग मळतात, मग मी फाडून टाकते. एका ऑर्डरचे आगाऊ पैसे घेऊन बसले आहे. सगळे म्हणतात, फिरून ये, प्रेरणा मिळेल. कोकणात चार दिवस जाऊन आले, सहाशे फोटो काढले, एकही रंगवावासा वाटला नाही. रात्री मोबाइलवर इतरांची चित्रं बघत बसते आणि वाटतं, आपल्यातलं संपलं. ब्लॉक भाचीला देऊन टाकू का?"

ताई,

ब्लॉक एवढ्यात देऊ नका. आधी तो तपासा. तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: कपाटावर पडून असलेला कागद आणि त्यावर आकाश लावलं की पडणारे डाग.

जलरंगाच्या कागदाला सायझिंग केलेलं असतं, म्हणजे खळ दिलेली असते. चांगल्या कॉटन कागदाला बरेचदा जिलेटिनची. या खळीमुळे पाणी कागदाच्या पोटात लगेच शिरत नाही. ते थोडा वेळ वर राहतं आणि तेवढ्या अवधीत आपण वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, फिरवतो, कडा मऊ करतो, नको तिथला रंग उचलतो. दमट हवेत ही खळ हळूहळू मरते. चौदा महिन्यांत तुमच्या ब्लॉकने निदान एक पावसाळा काढला आहे, तोही कपाटावर. खळ गेलेला कागद कोरडा असताना अगदी नव्यासारखा दिसतो. ओला वॉश पडला की मात्र मधेमधे टीपकागदासारखा रंग पितो, तिथे गडद ठिपके उठतात आणि मग ते काही केल्या जात नाहीत. असे डाग पडले तर त्यात तुमच्या हाताची चूक नाही.

तपासणी सोपी आहे. वरच्या पानावर कडेला एक आणि मधोमध एक, तीन बोटं रुंदीचा पातळ सपाट वॉश लावा. अल्ट्रामरिन घेऊ नका, तो मुळातच दाणेदार बसतो आणि निदान चुकतं. प्रशियन ब्लू किंवा क्रिमझन चालेल. दहा मिनिटं थांबा. पट्टा एकसारखा वाळला तर कागद चांगला आहे. ठिपके उठले तर खळ गेली. असा कागद पेन्सिल, कोळसा किंवा पोस्टर कलरच्या गच्च कामाला उत्तम चालतो, तेव्हा तो भाचीला जरूर द्या, पण जलरंगासाठी म्हणून देऊ नका. अकरा वर्षं रंगवणारी मावशी ज्या कागदावर हरली, त्यावर ती मुलगी पहिल्याच दिवशी रडकुंडीला येईल. पुढचा कागद घ्याल तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, कपाटाच्या आत आडवा ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा माळ्यावर कधीच नको.

याच बैठकीत बाकीचं सामानही काढा. पॅनमधल्या, म्हणजे वडीच्या रंगावर बुरशी आली असेल तर वरचा थर खरवडा, खाली स्वच्छ रंग असतो. वास येत असेल तर तो पॅन टाकून द्या. दगड झालेली ट्यूब ब्लेडने उभी कापा, रंगावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा, पॅनसारखी वापरता येते. ब्रश पाण्यात बुडवून एक झटका द्या. टोक आपोआप जुळलं पाहिजे. खऱ्या केसांचे ब्रश बंद डब्यात राहिले तर कीड लागते आणि पत्र्याच्या पकडीजवळ केस विरळ होतात. तसा ब्रश नको तेव्हा पाणी सोडतो आणि ओलसर वॉशवर फुलकोबीसारखे डाग पडतात. आठ नंबरचा एक साधा सिंथेटिक राउंड ब्रश नवा घ्या, पुढच्या आठ आठवड्यांना तो पुरेल. पॅलेट साबणाने घासून पांढरं करा. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चाळिशीनंतर समोरचं देऊळ आणि मांडीवरचा कागद यांच्यामध्ये नजर फिरवताना डोळ्यांना वेळ लागतो. ओल्या वॉशमध्ये नेमका तेवढाच वेळ आपल्याकडे नसतो. हा त्रास बरेच जण कंटाळा समजून बसतात.

त्या दिवशी चित्र काढायचं नाही.

आता दुसरी बाजू. कागद खराब निघाला तरी चौदा महिन्यांचं सगळं ओझं त्याच्यावर टाकता येणार नाही. ते 'अगदी तसंच' तुम्हाला जास्त महागात पडलं आहे.

पहिली चार चित्रं करताना तुम्ही घाटावर होतात. पाऊस, ओली फरशी, तिच्यातलं प्रतिबिंब, छत्र्या. समोर काहीतरी बदलत होतं आणि प्रत्येक फटकारा त्याला दिलेलं उत्तर होता. ऑर्डरची चित्रं करताना समोर होता तुमच्याच जुन्या चित्राचा फोटो. आता तपासायचं एकच, तसंच झालं का? जलरंगात हा प्रश्न फार घातक ठरतो, कारण ओला वॉश दोनदा सारखा वाहत नाही. पहिल्या चित्रात रंग आपसूक उतरला होता, तोच उतार आता मुद्दाम आणायचा म्हणून तुम्ही अर्धवट वाळलेल्या जागेत पुन्हा ब्रश घालता. रंग मळतात ते तिथे. लोक समजतात तीन-चार रंग मिसळले म्हणून चिखल होतो. तसं फार क्वचित होतं. खालचा थर धड ओला नाही, धड कोरडा नाही, अशा वेळी त्याला हात लावला की तो उखडतो, वरच्या रंगात कालवला जातो आणि पारदर्शकपणा जातो.

एखादी जागा पुन्हा पुन्हा रंगवण्याने माणूस आटत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आपल्या गावी परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि कोटितीर्थ तलाव त्यांनी कितीदा रंगवला याला सुमार नाही. पाणी तेच, झाडं तीच, पण प्रहर वेगळा, हवा वेगळी. ते जागेकडे परत जात होते. तुम्हाला मागणीने चित्राकडे परत जायला लावलं, म्हणून बघणं थांबलं. बघणं थांबलं की रंगवावंसं वाटणंही थांबतं. ज्याला सगळे प्रेरणा म्हणतात, तिचा मोठा भाग म्हणजे लहान लहान गोष्टी बघून झटपट ठरवण्याची सवय असते, आणि सवय परत लावता येते.

कोकणात ती सापडली नाही याचंही नवल नाही. सहाशे फोटो म्हणजे न घेतलेले सहाशे निर्णय. शिवाय मोबाइलचा कॅमेरा भर उन्हात बरेचदा सावल्या काळ्याकुट्ट करतो आणि आकाश पांढरंफटक. सावलीतला निळा-जांभळा उजेड, जो जलरंगवाल्याला जागेवर धरून ठेवतो, तो फोटोत उरतच नाही. घरी येऊन बघितलं तर रंगवण्यासारखं काही दिसत नाही, कारण ते तिथेच राहिलेलं असतं. ते फोटो पुसू नका, पण दोन महिने उघडूही नका.

आणखी एक हिशेब बघा. कोऱ्या कागदासमोर बसल्यावर काय काय ठरवायचं असतं? विषय, त्यातला कोणता तुकडा, कागद आडवा की उभा, उजेड कुठून, सर्वांत गडद कुठे, पांढरं कुठे राखायचं, रंग कोणते, पाणी किती, आधी काय, नंतर काय. सराव असतो तेव्हा यातलं बरंचसं हात परस्पर ठरवतो. चौदा महिन्यांनी हे सगळं एकदम डोक्यावर येतं, तेही महागाच्या कागदावर, आगाऊ पैसे घेतलेले असताना. हात थांबला नसता तरच नवल. म्हणून पुढचे आठ आठवडे एकेक निर्णय सुटा करायचा आणि कागद असा वापरायचा की वाया गेला तरी चुटपुट लागू नये.

पहिले दोन आठवडे रंग नाही. साधा ए-फोर कागद चार वेळा घडी घाला, सोळा चौकोन होतात, प्रत्येक साधारण सात बाय पाच सेंटिमीटरचा. ६बी पेन्सिल. रोज चार चौकोन, प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. समोर जे असेल ते: ओट्यावरचा कुकर आणि त्यामागची खिडकी, बँकेतल्या रांगेतले खांदे, पार्किंगमधल्या स्कूटर, गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी. डोळे किलकिले करा, बारकावे विरघळतात आणि आकार उरतात. मग फक्त तीन टोन. कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. चौथा नाही.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, बाह्यरेषा काढून मग आत टोन भरणं. रेषेने आधी सगळ्या वस्तू वेगळ्या करून टाकल्या की सावलीतल्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतच नाहीत. पेन्सिल आडवी धरा आणि थेट गडदाच्या ढिगाने सुरुवात करा. दुसरं, तिन्ही टोनना सारखी जागा देणं. चौकोन सपक होतो. एका टोनला अर्ध्याहून जास्त जागा द्या, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला चिमूटभर. तिसरं, चांगला विषय शोधत बसणं. तीन मिनिटांच्या कामाला विषय शोधायचा नसतो. मान उचलली की जे दिसतं ते घ्यायचं.

हा टप्पा वगळून थेट रंगाला हात घालावासा वाटेल, विशेषतः चौथ्या-पाचव्या दिवशी. घालू नका. चौदा दिवसांत छप्पन चौकोन होतात, साडेतीन कागद. ते कागद पलंगाशेजारी ठेवा. शेवटच्या दिवशी ज्या तीन चौकोनांवर नजर थांबते त्यांच्याभोवती खूण करा. कारण शोधू नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकच रंग: बर्न्ट अंबर किंवा सेपिया. कागद २०० ते २२० जीएसएमचा साधा, कॉटन नसलेला, १५ बाय २० सेंटिमीटरचे तुकडे करून. बोर्डावर चारही बाजूंनी मास्किंग टेप लावा, नाहीतर पाणी पडताच तो फुगून होडीसारखा होतो. या कागदाची मर्यादा आधीच समजून घ्या. तो लवकर वाळतो, कडा कडक होतात आणि वरचा थर लावताना खालचा सुटतो. त्यामुळे एका जागी दोनदा ब्रश फिरवायचा नाही ही शिस्त तो आपोआप लावतो. आत्ता तुम्हाला नेमकी तीच हवी आहे.

खूण केलेल्या चौकोनांपासून सुरुवात करा. पहिला वॉश पातळ ताकासारखा: पांढरं राखायचं तेवढं सोडून सगळीकडे, न थांबता. थांबा. बोटाची मागची बाजू कागदाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. नाशकात एप्रिलमध्ये हा वॉश चार-पाच मिनिटांत वाळेल, जुलैमध्ये अर्धा तासही घेईल, तेव्हा पावसाळ्यात हेअर ड्रायर जवळ ठेवा, पण पाण्याची चमक गेल्यावरच वापरा. चमक असताना गरम हवा मारली की रंग ढकलला जातो. दुसरा वॉश दुधासारखा, मधल्या टोनचा. तिसरा दह्यासारखा दाट, फक्त चिमूटभर गडदासाठी. बस. तीन थरांत चित्र संपतं.

ओल्या रंगात रंग सोडायचा असेल तर नियम एकच: कागदावर जेवढं पाणी आहे त्यापेक्षा ब्रशमध्ये कमी असलं पाहिजे. जास्त असलं की ते पाणी आधीच्या रंगाला कडेकडे ढकलतं आणि फुलकोबी उठते. ब्रश पाण्यातून काढला की थेट कागदाकडे नेऊ नका, आधी फडक्याला टेकवा. एवढी एक लकब परत आली तरी तुमची निम्मी आकाशं वाचतील. आणि लक्षात असू द्या, ओला रंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना बरोबर वाटला तर वाळल्यावर तो मिळमिळीत दिसणार. बरीच चित्रं 'जमली नाहीत' असं वाटतं त्याचं कारण एवढंच असतं की गडद पुरेसं गडद नसतं.

दोन आठवड्यांत असे दहा तुकडे पुरेत. रोज नको, बँकेतून थकून आल्यावर जबरदस्तीने बसलेलं चित्र तुम्हाला पुन्हा त्याच ठिकाणी नेईल. मंगळवार, गुरुवार पाऊण तास, शनिवार-रविवार मिळून तीन तुकडे.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात तीन रंग आणि एक जागा. रंग: अल्ट्रामरिन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. निळा आणि सिएना एकमेकांना मारतात, म्हणून त्यांच्या मिश्रणातून थंड राखाडीपासून उबदार तपकिरीपर्यंत सगळे करडे निघतात आणि दाट घेतले तर जवळजवळ काळा. नाशिकच्या काळ्या पाषाणाला ट्यूबमधला काळा कधीच शोभत नाही, हे मिश्रण शोभतं. निळा आणि ऑकर मिळून जो मळकट हिरवा होतो तो आपल्याकडच्या कडुनिंबाला आणि बाभळीला पुरतो. पोपटी हिरवा यातून निघणार नाही. निघू नये, म्हणूनच लिंबू पिवळा घेतलेला नाही. हिरव्याची चैन बंद झाली की झाड टोनने उभं करावं लागतं.

जागा घरापासून दहा मिनिटांच्या आत, चालत जाता येईल अशी आणि कुणीही चित्र विकत घेणार नाही अशी. रिक्षा स्टँड, पंक्चरचं दुकान, सोसायटीच्या मागची भिंत, भाजीच्या गाड्या. गोदाघाट नको. तिथे तुमची विकली गेलेली चार चित्रं अजून उभी आहेत. त्या एका जागेची चार आठवड्यांत बारा चित्रं करायची, तोच साधा कागद, तोच आकार. प्रत्येक बैठक चाळीस मिनिटांची: पाच मिनिटं नुसतं बघणं, पाच मिनिटांत दोन चौकोन, दहा मिनिटं पेन्सिल, वीस मिनिटं रंग. गजर झाला की ब्रश धुवायचा. अर्धवट राहिलं तर अर्धवटच ठेवायचं, घरी आणून 'जरा नीट करते' म्हणायचं नाही. घरी ते नीट होत नाही. तिथे समोर जागा नसते, असतं फक्त तुमचं चित्र, आणि पुन्हा तोच 'तसंच झालं का' सुरू होतो.

दर वेळी एकच गोष्ट बदला. एकदा सकाळी साडेसात, एकदा दुपारी एक, एकदा दिवे लागताना. एकदा कागद उभा. एकदा आकाश अजिबात नको. एकदा सर्वांत गडद आधी लावून मग बाकीचं. एकदा इतकं जवळ जा की फक्त टायरांची चळत आणि तिची सावली कागदात मावेल. एकदा रंग दोनच. पाचव्या-सहाव्या चित्रापाशी हमखास कंटाळा येतो, जागा संपली असं वाटतं. तिथे जागा बदलू नका. ओळखीचं सगळं काढून झालं की मग माणूस खरं बघायला लागतो. सातवं-आठवं चित्र बरेचदा वेगळ्याच कोपऱ्यातून निघतं.

पाठीमागे तारीख, वेळ, उजेडाची दिशा आणि जमलेली एक गोष्ट लिहा. 'रिक्षेच्या टपावरचा पांढरा राखला' एवढंही पुरे. चुका लिहू नका, त्या तुम्हाला पाठ आहेत. आणि फाडण्यावर पंधरा दिवसांची बंदी. चित्र झाल्या झाल्या आपण त्याची तुलना नुकत्याच बघितलेल्या जागेशी करतो, तेव्हा ते हरणारच. पंधरा दिवसांनी जागा डोळ्यांसमोरून गेलेली असते आणि कागदावर काय आहे ते कागदापुरतं दिसतं. मग वाटलं तर खुशाल फाडा. त्या फाडलेल्या दोन चित्रांमध्येही एखादा चांगला कोपरा असण्याची बरीच शक्यता होती.

मोबाइलबद्दल. दुसऱ्यांची चित्रं बघणं वाईट नाही, पण रात्री तासभर बोटाने सरकवत बघितलेली चित्रं म्हणजे तयार उत्तरं. सगळी एकाच आकारात, एकाच चमकदार काचेवर, फसलेली कुणी टाकलेलीच नाहीत. तुमचा डोळा आधीच तुमच्या हाताच्या पुढे गेला आहे, म्हणून तर चुका इतक्या स्पष्ट दिसतात. त्यात ही भर नको. त्याऐवजी मूळ चित्रं बघा. सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, १९३८ सालचं. मुंबईला कामासाठी जाणं झालं तर काळाघोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासून. मूळ चित्रात न पुसलेली पेन्सिल दिसते, थरांचा क्रम दिसतो, सावरून घेतलेली चूक दिसते. सगळं दालन फिरू नका. एका चित्रासमोर वीस मिनिटं उभ्या राहा आणि वहीत त्याचा तीन टोनांचा चौकोन काढा. पाहिलेल्या पन्नास चित्रांपेक्षा तो एक चौकोन जास्त दिवस पुरतो.

ऑर्डरचं काय करायचं ते मात्र याच आठवड्यात उरका, कारण ते पैसे डोक्यात असेपर्यंत सात सेंटिमीटरचा चौकोनसुद्धा मोकळा निघणार नाही. फोन न करता लिहूनच कळवा: 'तुम्ही सांगितलेलं चित्र मी हुबेहूब करून देऊ शकणार नाही. त्याच जागेचं नवं चित्र अमुक महिन्यानंतर करेन, आधी दाखवेन, आवडलं तर घ्या. आगाऊ रक्कम आज परत करते आहे.' आणि ती खरंच त्याच दिवशी परत करा. माझं स्पष्ट मत आहे की पुढेही हुबेहूब प्रतीची ऑर्डर घेऊ नये. ज्यांना तेच चित्र हवं आहे त्यांच्यासाठी चांगला प्रिंट काढून देता येतो, त्याने तुमचं काहीच खर्ची पडत नाही. नवीन चित्रासाठी गिऱ्हाइकाकडून आकार, आडवं-उभं आणि ऋतू एवढंच विचारून घ्या.

मध्ये एखादा आठवडा बुडाला, घरात आजारपण आलं, मार्चअखेरची बँकेतली धांदल आली, तर जिथे थांबलात तिथून पुढे चला. बुडालेले चौकोन भरून काढायला बसू नका.

एक गोष्ट वेगळी विचारते, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. चव फक्त चित्राची गेली आहे की जेवणाची, झोपेची, माणसांत बसण्याचीही? दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस सगळंच नकोसं वाटत असेल, झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, तर हा प्रश्न कागद-रंगांचा नाही आणि त्यावर चौकोनांचा उपाय चालणार नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. उपचार चालू असताना चौकोन काढायला काहीच हरकत नाही.

आणि आठ आठवडे झाले की गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर जा. बुधवारी, बाजाराच्या दिवशी. पावसाची वाट बघू नका. कोरडं, धुळकट, रखरखीत असेल तर जास्त बरं, कारण ते तुम्ही विकलेलं नाही. रामकुंडाकडे तोंड करून जिथे नेहमी बसायचात तिथे बसू नका. दुतोंड्या मारुतीच्या जवळपास किंवा नारोशंकराच्या देवळाच्या तटाची सावली पडते त्या बाजूला जागा बघा. १७४७ सालचं ते काळ्या दगडाचं काम आहे, तुमचा निळा आणि सिएना तिथे कामी येतील. सोबत साधा कागदच न्या, तीन रंग, आठ नंबरचा ब्रश, दोन डबे पाणी: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. ओळखीचं कुणी विचारलं, 'काय ताई, परत सुरू का?' तर हो म्हणा आणि पाच मिनिटांचा गजर लावून आधी नुसतं बघा. बाजार लवकर हलतो, तेव्हा माणसं शेवटी ठेवू नका. तंबूंच्या सावल्या आणि त्यांतली माणसं एकाच गडदात धरा, डोकी तेवढी सुटी ठेवा. चाळिसाव्या मिनिटाला ब्रश धुवा, पाठीमागे तारीख आणि वेळ लिहा, आणि कोथिंबीर घेऊन घरी जा.